रांजणाच्या तळाची किल्ली

३ मे, शुक्रवार

सगळ्यात आधी टपकली ती जानकीबाई. हातात रिकामी वाटी. म्हणाली, चहाची भुकटी संपली. खोटं! सकाळीच तिच्या चुलीवर चहा उतू जाताना मी बघितला होता. तिला बघायचा होता माझ्या नातीसंगं आलेला पोरगा. तिच्या मागून हजराबी आली, ती निदान मला सरळ म्हणाली, "भिवराबाई, पाहुने आये बोले, देखने आई." मग तात्याबा. हा सोसायटीचा माणूस, जनावरांच्या कानातले बिल्ले मोबाइलवर टिपून घ्यायचं त्याचं काम. ते अर्ध्यात टाकून आला अन् आमच्याच बैलाला टेकून उभा राहिला.

दुष्काळामुळं सोसायटीनं कडा गावच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली, तेव्हापासून, म्हणजे शिवरात्रीपासून, मी दोन बैलं अन् एक गाय घेऊन इथंच राहते. वर हिरवी जाळी, खाली शेण, मधी मी. दिवसभर मी जनावराच्या तोंडाकडं बघायचं अन् जनावरानं माझ्या. त्यात पाहुणे आले म्हणजे जत्राच.

सुभी, म्हणजे सुभद्रा, माझ्या गहिनीनाथाची थोरली. पुण्याला चांगली नोकरी होती, ती सोडून दोन वर्षं झाली, मोबाइलवरचे खेळ बनवते. मारामारीचे नाहीत, गोष्टीचे. गोष्ट पुढं जायची तर वाटेत कोडी सोडवायची. ती गोष्ट अन् कोडी रचते, संगं आलेला सलीम चित्रं काढतो.

जानकीबाईनं विचारलंच, "पोरगं कुणाचं गं?"

"बीडच्या मेकॅनिकचं, काकू," सुभी म्हणाली. "माझ्या कामातला जोडीदार हाय. अन् ईद झाली की त्याचं लगीन हाय, तुमी या जेवायला."

जानकीबाईचं तोंड इतकं उतरलं की मी तिला भुकटी दिली.

मग सुभीनं यायचं कारण सांगितलं. हा खेळ एकतीस तारखेच्या आत पुण्याच्या एका मोठ्या कंपनीकडं पाठवायचा आहे. त्यांनी घेतला तर तिचं काम चालू राहील. नाही घेतला तर तिनं बापाला शब्द दिलाय: खेळ बंद करून घरी यायचं अन् नांदूरघाटच्या स्थळाला हो म्हणायचं. गहिनीनाथ तिच्याशी धड बोलतसुद्धा नाही. पोरीनं माकडखेळ मांडला, असं सगळ्या गावाला सांगतो, अन् तिला मात्र एक शब्द नाही.

"आजी, पुण्यातल्या पोरांनी असले लई खेळ खेळलेत, त्यांना सगळं ठावं असतंय. मला कोरं माणूस पायजे. तू खेळ. काय वाटलं ते रोज ह्या वहीत लिही अन् मला फोनवर सांग. वही मी मागणार न्हाई."

मी म्हणलं, काळजी सोड. मी तिसरी पास आहे, वर साक्षरतेचा वर्ग केलाय. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, बोलताना हाय, लिहिताना आहे. अजून एकदाही चुकले नाही.

मोठ्या काचेचा मोबाइल अन् ही वही देऊन दोघं दुपारच्या एस्टीनं गेली.

५ मे, रविवार

खेळ काय मला अगदीच नवीन नाहीत. मागं सुभीनं रंगीत गोळ्या जुळवायचा एक दिला होता. तीन गोळ्या जुळल्या की फुटायच्या. त्यात गोष्ट नाही. कितीबी फोडा, हाती काय लागतं? ज्वारी निवडावी तसं, पण शेवटी भाकर नाही. दुसरा एक होता समुद्राकाठच्या मनोऱ्याचा. आत एकटा म्हातारा, अन् पायऱ्या आपण फिरवून जुळवायच्या. तो बरा होता. पण त्या म्हाताऱ्यानं सगळ्या खेळात एकदाबी काही खाल्लं नाही. माझं सगळं लक्ष तिकडंच.

हा खेळ निराळा आहे. मातीचं घर. घरात एक सात-आठ वर्षांची पोर, फ्रॉक घातलेली. बाकी कुणी नाही. आपण बोट लावलं की पोर तिकडं चालत जाते. बाहेर चाकांचा आवाज येऊन लांब जातो, अन् मग पोर घरभर हुडकत फिरते की सगळी गेली कुठं. मधूनच भिंतीतून एका म्हातारीचा आवाज येतो. ही तिची आजी. ती घरात नाही, पण तिचं बोलणं घरात राहिलंय.

पहिलं कुलूप मी डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. खेळात एक बाण दिसतो, तो फडताळाकडं जा म्हणत होता. मी गेले नाही. किल्ली दारावरच्या देवळीत असणार, दिव्याच्या मागं. असलीच! किल्ली बाईच्या हाताला लागेल अशा जागी असते, पुरुषाच्या डोळ्याला दिसेल अशा नाही. बाणाला हे कुठून कळायचं?

८ मे, बुधवार

आता आम्ही तिघी मिळून खेळतो. हजराबीचे रोजे सुरू झालेत. पाण्याचा थेंब नाही तोंडात, पण बोलायला कमी नाही. तिच्या दोन म्हशी माझ्या गाईच्या शेजारी बांधलेल्या, म्हणून ती आली. जानकीबाई आली कारण आम्ही दोघी हसत होतो.

कोडं सोडवायचं म्हणजे काय, ते मला आता पक्कं कळलंय. लहानपणी आम्ही कोडी घालायचो, तेव्हा घालणारीनं उत्तर आधीच पदराखाली झाकलेलं असायचं. तिच्या पदराकडं बघायचं, तोंडाकडं नाही. सुभी माझ्या पदराखाली वाढली, तिचा पदर मी ओळखणार नाही?

संध्याकाळी फोनवर तिला सगळं सांगितलं. जातं उलटं फिरतंय. गोठ्यातली घुंगरं बारीक वाजतात, ती शेळीची वाटतात. चूल चांगली काढलीय, सलीमला सांग. अन् ती म्हातारी लई बडबडी आहे. पोरीनं विचारलं पाणी कुठंय, तर ही विहिरीपासून सुरू होऊन बहिणीच्या लग्नावर जाते. आठवणीला म्हणून पदराला गाठी मारते अन् गाठ कशाची ते विसरते. तिला जरा गप कर.

सुभी इतकी हसली की तिला उचकी लागली. "सलीम, ऐकलंस का? म्हातारी बडबडी हाय म्हणती!"

मग मी म्हणलं, "अन् असली कसली गं आजी? लेकरू घरात ठिवून गेली कावून?"

तिकडून फोनच बंद झाला. रेंज गेली असेल. इथं वाऱ्याबरोबर रेंज येते-जाते.

११ मे, शनिवार

मोठं कोडं लागलंय. अंगणात रांजण आहे, गळ्यापर्यंत भरलेला. तळाला किल्ली चमकते. ती निघाली की मधल्या घरातली लोखंडी पेटी उघडणार अन् गोष्ट पुढं सरकणार. पोरीचा हात पुरत नाही. रांजणाला बोट लावलं की तो एका बाजूला कलायला लागतो, बोट काढलं की सरळ होतो.

म्हणजे लवंडायचा, असं दिसतंय. भरलेला रांजण! अंगणात!

मी बोट काढून घेतलं. हजराबी म्हणाली, "नक्को गे माय, पानी सांडनेका नई, गुन्हा लगता." जानकीबाई एरवी माझ्या प्रत्येक बोलण्याला आडवी जाते. ती म्हणाली, "दुसरी काय तरी तजवीज असंल. सुभी अशी पोर न्हाई."

तेच माझंही मत. दुसरी वाट आहेच. खेळात एक तांब्या सापडला होता. त्यानं पाणी काढता येतं. उपसून उपसून तळ गाठायचा, अन् पाणीबी वाया नाही घालवायचं. एक तांब्या तुळशीला, बाकी बैलाच्या डोणीत. सोपं आहे.

१४ मे, मंगळवार

सोपं नाही. आम्ही तिघींनी पाळीपाळीनं तांबे काढले. मी मोजले, चारशे झाले. पाणी रेषभर हललं नाही. डोणही भरत नाही, तुळसही तशीच सुकलेली. रांजण खोटा आहे!

इथं खऱ्या हौदाचा तळ दिसतोय. काल टँकर आला नाही. गाय उसाचं कोरडं वाढं तोंडात धरून नुसती उभी. आज आला, पण अर्धा.

तात्याबा आला अन् म्हणाला, "वयनी, द्या लवंडून. खोटं पाणी हाय ते."

"मग तुमीच लवंडा."

त्यानं ऐटीत बोट ठेवलं. रांजण कलला, पाण्याची कड ओठाला आली, एक थेंब खाली पडला. तात्याबानं बोट असं मागं घेतलं की जणू चटका बसला. "न्हाई बा," म्हणाला, "दिसभर इथं जनावरामागं पाणी मापून देतो मी." अन् मोबाइलच्या पाया पडून गेला.

लिहायला लाज वाटते, पण वही कुणी बघणार नाही. आज मला पहिल्यांदा वाटलं की मला डोकं कमी आहे. पोरीनं विश्वासानं काम दिलं. आता खेळ अडला तो माझ्यापाशी. ती घरी आली तर मला बरंच वाटेल, पण अशी हरून यायला नको.

किल्लीवरून आठवलं. आमच्याही रांजणात एकदा पेटीची किल्ली निघाली होती! सुभी सात वर्षांची होती त्या साली. टोळी ऊसतोडीला निघायच्या दिवशीच पेटीची किल्ली गायब. सामान सगळं आत. माझा वहीम जानकीबाईवर गेला, कारण आदल्या दिवशी ती वाटी घेऊन आली होती. गहिनीनाथानं दगडानं कुलूप फोडलं अन् आम्ही गेलो. त्या साली सून पोटुशी होती म्हणून मलाही कारखान्यावर जावं लागलं. सुभीला माझ्या बहिणीकडं, साखराबाईकडं ठेवलं. पाडव्याला परत येऊन रांजण घासला तर तळाला किल्ली. उंदरानं नेऊन टाकली असणार. पण तोवर जानकीबाईला मी चार माणसांत बोलून बसले होते. मग दोन वर्षं आम्ही बोललो नाही. किल्ली सापडली हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

१८ मे, शनिवार

मी फोनवर रडकुंडीला आले म्हणून दोघं सकाळच्या गाडीनं आली. सलीमला पाणी दिलं तर नको म्हणाला, रोजा होता. मला ध्यानातच नव्हतं.

मी दाखवलं. तांबे काढले, डोण दाखवली, तुळस दाखवली.

सलीम कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, पुण्यात चाळीस जणांनी खेळला. सगळ्यांनी अर्ध्या मिनटात रांजण लवंडला. एकानंबी विचारलं नाही."

"त्यांच्या नळाला पाणी येत असंल," मी म्हणलं.

"पण हे खरं पाणी नाहीये!"

"किल्ली तरी खरी हाय का? मग तिच्यासाठी कावून जीव टाकतो आपण?"

सुभी ताडकन उठली. मग तिनं हजराबीला विचारलं, जानकीबाईला विचारलं, सोसायटीच्या कचेरीत जाऊन तात्याबाला विचारलं. कुणीच लवंडला नव्हता. ती येऊन बैलाच्या पायाशी बसली.

"पाच वर्षं पुण्यात ऱ्हायले अन् मी रांजण लवंडला," असं काहीतरी पुटपुटली. "सलीम, हे बदलायचं. आजीसारखंच. तांब्या-तांब्यानं."

"तेरा दिवस राहिलेत! प्रत्येक तांब्याचं चित्र वेगळं काढावं लागंल, डोण भरताना, तुळस हिरवी होताना. येडी झालीस का बे?"

"झाले."

"कंपनी थांबणार नाही, सुभद्रा. आहे तसा पाठवू. मग तुझ्या बापाला काय सांगशील?"

दोघं अशी भांडली की म्हशी उभ्या राहिल्या. मी मधे पडणार, तेवढ्यात टँकर आला. सगळी छावणी बादल्या घेऊन पळाली. टँकरच्या नळीचा सांधा गळत होता. तिथं जानकीबाईनं काय केलं, आपली ती वाटी लावली. भरली की म्हशीच्या बादलीत ओतायची, परत लावायची. एक थेंब खाली पडू दिला नाही. सलीम बघत उभा राहिला. ओठ कोरडे पडलेले. मग पिशवीतून चित्रांची वही काढून तिथंच मातीत मांडी घालून बसला अन् वाटी काढायला लागला.

जानकीबाई ओरडली, "अरे मेल्या, माझं तोंड तरी नीट काढ!"

दुपारी जाताना तो मला म्हणाला, "आजी, तुमी आमचं काम वाढवलंत."

मी म्हणलं, वाढवलं तर वाढवलं. काम चांगलं झालं पाहिजे.

२९ मे, बुधवार

नवा खेळ आला! सुभीनं पुण्यातून मोबाइलमधे पाठवला. तात्याबानं सोसायटीच्या कचेरीत उतरवून दिला, कारण तिथं रेंज थांबते.

आता एक तांब्या काढला की रांजण बोटभर उतरतो. तुळशीला घातलं की पान फुटतं. डोणीत ओतलं की बैल पितो, त्याच्या गळ्याला लाटा दिसतात. घुंगरंही आता बैलाचीच वाजतात. एक तांब्या कुत्र्याला, एक शेजारणीच्या वाटीत. शेजारीण हुबेहूब जानकीबाई, नाकासकट. ती तर फुगून मोरच झाली आहे. दर तांब्याला घरातलं काहीतरी ऐकू येतं: आई भांडी बांधतेय, बाप कोयत्याला धार लावतोय, आजी "उगी, उगी" म्हणतेय.

तळाला किल्ली लागली. आता गोष्टीत कळतं की ती त्या पोरीनंच टाकली होती. का टाकली ते सांगत नाही. पोरं काहीबी करतात. पेटी उघडली तर वर भांडी, लुगडी, अन् अगदी खाली पोरीचा फ्रॉक, घडी करून लपवलेला. तिथं खेळ जरा थांबतो. काहीच करायचं नसतं, नुसतं बघायचं.

हजराबीनं डोळे पुसले. मी नाही रडले. पण त्या बडबड्या म्हातारीचा मला मागच्यासारखा राग आला नाही. गेली असेल बिचारी. कारण असल्याशिवाय कोण जातं?

३० मे, गुरुवार

गहिनीनाथ भाकरी घेऊन आला. मी शेण भरत होते अन् खेळ पहिल्यापासून परत लावलेला, मधेच अडकलेला. म्हणलं, "बाबा, जरा तांबे काढ, माझे हात भरलेत."

"मला नगं ते माकडखेळ, माय."

"चार तांबे. तुळस सुकंल."

बसला. चार तांबे काढतो म्हणणारा अर्धा तास हलला नाही. मी पाटी टाकून आले, तरी मान खाली. पेटी उघडलेली अन् फ्रॉक दिसत होता.

"माय, आपल्या पेटीची किल्ली कुठं सापडलती?"

"रांजणात. उंदरानं टाकलती."

"अन् उसाच्या फडावर पेटी उघडली तवा सुभीचा फ्रॉक निघालता. निळा."

"हां, सून म्हणाली चुकून आला असंल कपड्यात."

त्यानं मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला अन् बैलाजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. डोळे पुसत होता. मी म्हणलं, धूर गेला का? पण चूल तर पेटलेली नव्हती.

मग आधी नांदूरघाटला फोन लावला. "पाव्हनं, यंदा न्हाई जमायचं. पोरीचं काम चालू हाय." एवढंच. मग सुभीला लावला. दोन वर्षांनी लेकीशी बोलायला घेतलं. म्हणाला, "सुभे, पाणी हाय का तिकडं?"

तिकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तो नुसता "हां... हां" करत राहिला अन् फोन ठेवताना म्हणाला, "ते कंपनीवाले घेऊ दे न्हाईतर न घेऊ दे. तू कर."

मग जेवला.

८ जून, शनिवार

कंपनीनं खेळ घेतला. फोन आला तेव्हा हजराबी ईदचा उरलेला शीरखुर्मा घेऊन आलेली होती, तोच पेढा समजून वाटला. कंपनीच्या बाईंनी विचारलं म्हणे, हे तांब्याचं कुणाला सुचलं? सुभीनं सांगितलं, कड्याच्या छावणीतल्या तज्ज्ञांना. तात्याबा तेव्हापासून स्वतःला तज्ज्ञ म्हणवतो, ज्यानं एक थेंब सांडला!

एक काम मात्र राहिलंय. म्हातारीचा आवाज नीट नाही, तो परत भरायचा आहे, अन् तो म्हणे मीच द्यायचा. मी म्हणलं, मला कुठं तेवढं बोलायची सवय? सुभी म्हणाली, जमंल आजी तुला. मी ठरवलंय, बहिणीच्या लग्नाचं सगळं काढून टाकायचं. पण "उगी, उगी" ठेवायचं. ते मी नीट म्हणीन.

सकाळी जानकीबाई वाटी घेऊन आली. मी भुकटी शिगोशीग भरली अन् म्हणलं, "जानके, ती किल्ली रांजणात निघालती. तू न्हवती नेली."

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"सुभीनं टाकताना मी बघितलं की. पोरीला मार बसंल म्हणून बोलले न्हाई."

सतरा वर्षं! अन् मी हिला भुकटीवरून खोटी म्हणत होते.

ह्या वहीतलं किल्लीचं अन् निळ्या फ्रॉकचं पान काढून परत वाचलं. सुभीला काय विचारावं? विचारणार नाही. ती आली की तिला शेजारी बसवीन अन् पहिल्यापासून खेळ लावीन. चाकांचा आवाज लांब जातो तिथं तिचा हात धरीन.

दोघं आवाज भरायचं यंत्र घेऊन चौदा जूनला, शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं येणार आहेत. पदराला गाठ मारली आहे. गाठ कशाची ते विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवते: ह्या वेळी मी कुठं जाणार नाही.